जुनी होडी घेतोय, मशीन टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?

खाडीकाठचा (धागाकर्ता) · १४ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, गाव आमचं शास्त्री नदीच्या खाडीवर, जयगडपासून बरंच आत. नोकरी पुण्यात. आजोबांची वल्ह्यांची लाकडी होडी होती, ती पडवीत उलटी पडून वाळवीच्या पोटात गेली. तेव्हापासून डोक्यात होडीचा किडा आहे आणि या उन्हाळ्यात तो चावला.

१७ फुटी फायबरची जुनी होडी मिळतेय. मालकाकडे मागे टांगायची दोन मशीन (आउटबोर्ड) आहेत, दोन्ही १५ एचपी, दोन्ही दोन सिलिंडरची. एक २०१० ची टू-स्ट्रोक, दुसरी २०१९ ची फोर-स्ट्रोक. होडी कुठल्याही एका मशीनसकट देतो म्हणतो. फोर-स्ट्रोक घेतली तर ७५ हजार जास्त.

वापर म्हणाल तर गरी टाकायची, तांबोशी किंवा शेंगाळा लागला तर लागला. पोरांना समोरच्या भाटावर (खाडीतल्या वाळूच्या उंचवट्यावर) फिरवून आणायचं. समुद्रात जायचा बेत नाही, फार तर शांत दिवशी खाडीच्या तोंडापर्यंत. वर्षाला ६० तास चालली तर डोक्यावरून पाणी. माझं यंत्रज्ञान स्कूटरचा प्लग घासण्यापुरतं.

चुलते म्हणतात टू-स्ट्रोकशिवाय हात लावू नको. मेहुणा म्हणतो २०१० ची मशीन घ्यायची तर तिच्यापेक्षा वल्ही बरी. जाणकारांनी बोलावं.

---

पेठेतला · १४ एप्रिल, रात्री १०:४०

मला होडीतलं काही कळत नाही, पण टू-स्ट्रोक म्हटल्यावर वडिलांची स्कूटर आठवली. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइलचं माप ओतून घ्यायचं, आणि थंडीत सुरू केली की अख्खा वाडा निळा. माझं मत टू-स्ट्रोकला, निव्वळ वासासाठी.

---

बंदरावरचा · १४ एप्रिल, रात्री ११:२५

पेठेतल्यांची आठवण बरोबर आहे, होडीवरही तोच कारभार. माझे वडील रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला मशीन दुरुस्त करायचे, मी शाळेपासून हाताखाली होतो. जमेल तसं सांगतो.

टू-स्ट्रोकला वरच्या डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, पिस्टन वरखाली होताना त्याच उघडतो आणि झाकतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणून वजन कमी आणि ओढ दणदणीत. खालच्या पेटीत वेगळं ऑइल नाही, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. हल्लीच्या बहुतेक मशीनना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलि. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच. बाईकचं टू-स्ट्रोक ऑइल घालायचं नाही, ती हवेवर थंड होतात, ही पाण्यावर.

दुखणंही त्या खिडक्यांतच आहे. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा जळका धूर बाहेर जायची खिडकीही उघडीच असते. त्यामुळे कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मशीनमधून पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त पेट्रोल न जळताच पाण्यात जातं. मागे रंगीत तवंग दिसतो ना, ते तुमचे पैसे.

फोर-स्ट्रोक म्हणजे मोटारीसारखं. व्हॉल्व्ह, कॅम, बेल्ट किंवा चेन, खाली ऑइलची पेटी. दोन फेऱ्यांना एक स्फोट. पेट्रोल कमी, आवाज कमी, हळू चालवताना थरथर नाही. पण भाग दुप्पट, आणि खाऱ्या हवेत प्रत्येक भाग म्हणजे गंजाला एक जागा.

गावातला मिस्त्री कुठली मशीन उघडू शकतो, हे आधी विचारा. आमच्या वडिलांनी टू-स्ट्रोक डोळे मिटून जोडली असती. फोर-स्ट्रोक ईएफआय (कॉम्प्युटरवर पेट्रोल फवारणारी) आली की ते मशीनची टोपी काढायचे, आत बघायचे आणि परत टोपी लावायचे.

---

देवबागवाला · १५ एप्रिल, सकाळी ७:०५

माझ्या दोन टुरिस्ट बोटी आहेत, डॉल्फिन आणि संगम पॉइंट करतो. आधी टू-स्ट्रोक होत्या, आता दोन्ही फोर-स्ट्रोक. दिवसभर मंद गतीत चालतात, तिथे टू-स्ट्रोक पेट्रोल पिते आणि प्लग काळे होतात. शिवाय टुरिस्ट मागे बसतो, धूर त्याच्या तोंडावर. लहान मूल ओकलं की फेरी संपली.

पण तुमची गोष्ट वेगळी. आमच्याकडे म्हणतात तसं सांगतो, आदी होडी बघ, मगे मशीन.

---

आकडेमोड · १५ एप्रिल, सकाळी ९:३०

भावना बाजूला ठेवून हिशोब मांडतो. पेट्रोल १०५ रुपये धरलं. १५ एचपी टू-स्ट्रोक पूर्ण रेस दिली तर तासाला ७ लिटरच्या आसपास खाते, फोर-स्ट्रोक ५ ते साडेपाच. कोणी सतत पूर्ण रेस देत नाही, म्हणून सरासरी साडेचार आणि तीन लिटर धरू.

६० तास: टू-स्ट्रोक २७० लिटर, फोर-स्ट्रोक १८०. फरक ९० लिटर, म्हणजे ९,४५० रुपये. २७० लिटरला ५.४ लिटर ऑइल, ५०० च्या भावाने २,७००. फोर-स्ट्रोकचं ऑइल, फिल्टर वगैरे वर्षाला १,५०० धरा. वर्षाची बचत साडेदहा हजारांच्या वर थोडी. ७५ हजार वसूल व्हायला सात वर्षं.

हेच देवबागवाल्यांसारखं ४०० तास चालवलं तर नुसत्या पेट्रोलचा फरक ६३ हजार, ऑइल १८ हजार. एका हंगामात मशीनच्या फरकाचे पैसे सुटले.

तुमच्यासाठी टू-स्ट्रोक. धागा बंद करायला हरकत नाही.

---

बंदरावरचा · १५ एप्रिल, सकाळी १०:०२

आकडेमोड, हिशोब चोख आहे, पण त्यात २०१० ची मशीन सात वर्षं बिनतक्रार चालेल असं धरलंय. एकदा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला, की तुमची सात वर्षं तिथेच बुडाली.

---

ताहोकाठी · १५ एप्रिल, दुपारी १२:४८

कॅलिफोर्नियातून. इथे लेक ताहोवर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकना १९९९ पासून बंदी आहे, कारण वर सांगितलेलं तेच, न जळलेलं पेट्रोल पिण्याच्या पाण्यात. होंडाने १९६४ मध्येच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड काढली होती, पण धुराचे नियम कडक होईपर्यंत राज्य टू-स्ट्रोकचंच होतं. एव्हिनरूडने थेट इंधन फवारणारी स्वच्छ टू-स्ट्रोक बनवून शेवटपर्यंत किल्ला लढवला, २०२० मध्ये तेही उत्पादन थांबलं. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये सुरू केलेलं नाव.

तुमच्या खाडीत असा नियम नाही हे मान्य. पण तुम्ही त्याच पाण्यात गरी टाकणार आहात.

---

वरसोलीची · १५ एप्रिल, दुपारी ३:१५

सगळे पेट्रोलवर बोलताय, वजनावर कोणीच नाही. १५ एचपी टू-स्ट्रोक साधारण ३६-३८ किलो. फोर-स्ट्रोक मॉडेलप्रमाणे ४५ ते ५२. कागदावर दहा-पंधरा किलो म्हणजे काहीच नाही. ओहोटीला होडी दूर चिखलात बसलेली असते, मशीन चोरीला जाऊ नये म्हणून रोज घरी आणायची, आणि गुडघाभर गाळातून ती खांद्यावर घेऊन चालायचं, तेव्हा कळतं. माझा भाऊ टू-स्ट्रोक एकटा आणतो. फोर-स्ट्रोकला दोघं लागतात आणि दुसरा कोण यावर रोज भांडण.

शिवाय टू-स्ट्रोक पाणी निथळलं की कशीही आडवी टाका. फोर-स्ट्रोक ठरलेल्या कुशीवरच झोपवायची, नाहीतर पेटीतलं ऑइल सिलिंडरमध्ये. पुस्तकात चित्र असतं, ते बघा.

आता आमच्या घरची गोष्ट. दाजींनी जुन्या होडीवरची टू-स्ट्रोक काढून जड फोर-स्ट्रोक चढवली. होडीची मागची फळी मुळात बुटकी. मागे मशीन, मागेच पेट्रोलची टाकी, मागेच दाजी. रेस एकदम सोडली आणि मागून स्वतःचीच लाट आत. दुसऱ्या लाटेत मशीन पाण्याखाली. काठ जवळ होता म्हणून सगळे पोहून आले. मशीन त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, ऑइल दोनदा बदलून सुरू झाली. दाजी मात्र महिनाभर सुरू झाले नाहीत.

खाडीकाठचे दादा, मागची फळी मोजा. आणि दोन्ही मशीनचे पाय, म्हणजे फळीपासून खाली पंख्याकडे जाणारा भाग, मोजा. आखूड पाय १५ इंच, लांब २०.

---

खाडीकाठचा · १६ एप्रिल, रात्री ९:५०

वरसोलीच्या ताई, दंडवत. चुलतभावाला टेप घेऊन पाठवलं. मागची फळी मधोमध साडेपंधरा इंच. टू-स्ट्रोक आखूड पायाची, बरोब्बर बसते. फोर-स्ट्रोक लांब पायाची! मालक म्हणतो, "चालता, पंखा जरा खोल जाईल इतकंच."

---

बंदरावरचा · १६ एप्रिल, रात्री १०:२०

चालतं कसलं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत हवी, फार तर इंचभर खाली. लांब पाय आखूड फळीवर लावला की पाच इंच जादा लोखंड पाण्यात. वेग जातो, पेट्रोल जातं, आणि शास्त्रीच्या गाळात पंखा भाट नांगरत जाईल. पाणी ओढायची जाळीही चिखलात, म्हणजे पंपाचा रबरी पंखा एका हंगामात झिजला.

या शनिवारी जाणार असाल तर सांगतो ते करा. जाण्याआधी फोन करू नका. फोन केलात की मालक मशीन तापवून ठेवतो. गेल्या गेल्या मशीनची टोपी काढून तिच्या डोक्यावर हात ठेवा, थंड पाहिजे. थंड मशीन किती दोऱ्यांत सुरू होते ते मोजा. पाण्याच्या पिंपात लावूनच सुरू करा, कोरडी सेकंदभरही नको. मागून पाण्याची धार सणसणीत यायला हवी, ठिबकत असेल तर पंप गेला किंवा आत मीठ बसलंय.

गिअरपेटीचा खालचा स्क्रू थोडा ढिला करून दोन थेंब बोटावर घ्या. काळसर हिरवं किंवा तपकिरी चालेल. दुधाळ असेल तर सील गेलं, आत पाणी आहे. पंखा काढून शाफ्टला तंगूस (गरीची नायलॉन दोरी) गुंडाळलंय का बघा. सील कापायला त्याच्याइतकं धारदार काही नाही.

मग दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाब किती बसतो ते, मीटरने बघा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या वर गेला की हात जोडा. फोर-स्ट्रोकला दोरी हलकी जावी म्हणून डीकॉम्प्रेशन असतं, तिचा आकडा कमी दिसेल, घाबरू नका, तिथेही फरकच बघा. जमल्यास मिस्त्री सोबत न्या, जेवण घाला.

आणि सगळ्यात आधी देवबागवाल्यांचं ऐका. मागच्या फळीवर छोटी हातोडी आपटत जा. फायबरच्या आत प्लायवूड असतं. टणटण वाजलं तर ठीक. धप्प वाजलं तर प्लाय कुजलंय. मशीन लावून वर उचललेल्या स्थितीत पाय धरून हलवा, फळी वाकता कामा नये.

---

पेठेतला · १६ एप्रिल, रात्री १०:३१

हे मुलगी बघायला जाण्यापेक्षा अवघड आहे. वाचतोय.

---

रिकामी_टाकी · १७ एप्रिल, सकाळी ८:१५

ई२० चं काय? आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉल. माझ्या मशीनच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल लिहिलंय.

---

बंदरावरचा · १७ एप्रिल, सकाळी ८:५५

बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकांत दहाच लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि होडीवर पाणी सोडून आहे काय? पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि टाकीच्या तळाला बसतं. नळी तळातूनच ओढते. फोर-स्ट्रोक अशा वेळी खोकते आणि बंद पडते, वैताग येतो पण वाचते. टू-स्ट्रोकला जास्त धोका, कारण ऑइल पेट्रोलबरोबर वर राहिलं आणि खालून आलं ते बिनऑइलचं. पिस्टन कोरडा पळतो आणि धरतो. वर इथेनॉलमुळे मिश्रण मुळातच पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, मशीन जास्त तापते.

म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल आणा, महिनाभर पडलेलं स्कूटरमध्ये घाला, होडीत नको. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, पारदर्शक वाटीचा असला तर उत्तम. जुन्या रबरी नळ्या बदला, इथेनॉलने आतून सुटतात आणि त्यांचे कण कार्ब्युरेटरमध्ये जातात. हे दोन्ही प्रकारांना लागू. पावसाळ्यात उभी करताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा.

---

जयगडचा_जावई · १७ एप्रिल, दुपारी १:४०

रॉकेलवर चालणारी मशीन पण येते ना? सासुरवाडीला कोणीतरी म्हणालं. स्वस्त पडेल.

---

देवबागवाला · १७ एप्रिल, दुपारी २:१०

येते, तीही टू-स्ट्रोकच. केरळात छोट्या मासेमारी होड्या मोठ्या प्रमाणावर तिच्यावर चालतात. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर घ्यायची, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळेल. आणि रॉकेल आणणार कुठून? हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

---

खाडीकाठचा · २० एप्रिल, रात्री ११:०५

जाऊन आलो. न सांगता गेलो. मालक आंब्याच्या पेट्या भरत होता, आमच्या हातात पिंप आणि हातोडी बघून त्याचा चेहरा पडला. सोबत चुलते आणि त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री.

टू-स्ट्रोक दुसऱ्या दोरीला सुरू झाली. चुलत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. धारही छान. मग मिस्त्रींनी प्लग काढले. वरचा कॉफीसारखा तपकिरी. खालचा पांढराफटक, टोकाला बारीक चकाकणारे ठिपके. मिस्त्री काही बोलले नाहीत, ठिपका नखाने खरवडून चुलत्यांना दाखवला. ॲल्युमिनियम. मीटर लावला, वरच्या सिलिंडरला ११८, खालच्याला ८४. बॅटरी लावून भोकातून बघितलं तर भिंतीवर उभे ओरखडे. मालक म्हणाला, गेल्या वर्षी उरलेलं पेट्रोल गणपतीनंतर तसंच वापरलं होतं. बंदरावरचा, तुमचा प्रतिसाद मी तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवला.

फोर-स्ट्रोक चौथ्या दोरीला सुरू झाली. आवाज इतका कमी की चुलत्यांनी विचारलं, बंद पडली का? दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. ऑइल काळं, पण पाणी नाही. गिअरचं ऑइल स्वच्छ. शाफ्टला तंगूस होतं, दोन वीत, पण सील शाबूत. गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे मात्र संपून नुसते स्क्रू उरलेत.

आणि मागची फळी. कडेला टणटण, मधोमध, जिथे मशीन बसते तिथे, धप्प. मिस्त्रींनी जुन्या बोल्टाच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळं पाणी गळलं. वास कुजलेल्या नारळाच्या काथ्यासारखा.

आता पंचाईत अशी की चांगली मशीन लांब पायाची आणि होडी कुजक्या बुटक्या फळीची. सोडून देऊ का?

---

वरसोलीची · २१ एप्रिल, सकाळी ६:४०

दादा, पंचाईत कुठे, सुटलंच की! फळी बदलायचीच आहे ना, मग नवी २० इंचाची उंच करून घ्या. लांब पाय बरोबर बसेल आणि मागून लाट आत यायची भीतीही कमी. दाजींना हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर.

वजनासाठी पेट्रोलची टाकी पुढे घ्या, नांगर नाळीत (होडीच्या पुढच्या टोकात) ठेवा, एक माणूस पुढे बसवा.

---

बंदरावरचा · २१ एप्रिल, सकाळी ७:३०

ताईंशी शंभर टक्के सहमत. १८ मिमी मरीन प्लायच्या दोन पाट्या एकमेकांना चिकटवून फळी करा, दुकानातला साधा वॉटरप्रूफ प्लाय नको. प्रत्येक भोक रेझिनने आतून बंद करून मगच बोल्ट. उंची वाढवताय म्हणून दोन्ही बाजूंना तळाशी जोडणारे तिरके आधार घ्याच, नाहीतर मशीनच्या धक्क्याने फळी मागे उघडेल. काम वाळलेल्या होडीवर करा, आत्ताच उन्हात उलटी घालून ठेवा. जून लागला की फायबरचं काम नासतं.

आणि आकडेमोड, कुजक्या फळीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा त्यांना.

---

आकडेमोड · २१ एप्रिल, सकाळी ९:१२

वजा करा! टू-स्ट्रोकला बोअर आणि पिस्टन लागणार, तेव्हा ७५ हजारांचा फरकही आता मालकाने मनातच ठेवावा. माझा सात वर्षांचा हिशोब मागे घेतो. ८४ वाली मशीन हिशोबात बसत नाही.

---

खाडीकाठचा · ४ मे, रात्री ९:२०

घेतली. होडी आणि फोर-स्ट्रोक, फरक ७५ वरून ४० वर आला. होडीचे १२ हजार वेगळे कमी केले. चुलते तीन दिवस बोलत नव्हते, मग स्वतःच टेप घेऊन फळीची उंची आखायला आले. जुना प्लाय हाताने ओरबाडून निघाला, ओल्या पावासारखा. नवी फळी २० इंच, तिरके आधार दोन्हीकडे. नांगर नाळीत.

कागद नावावर करायचे बाकी आहेत, मालकाकडे नोंदणीचं मूळ पुस्तक आहे हे आधीच बघून घेतलं होतं. आता पावसात अंगणात ताडपत्रीखाली. गणपतीत पाण्यात घालू.

एक प्रश्न राहिला. चुलते रोज मशीनजवळ जाऊन म्हणतात, हिच्या पेट्रोलात थोडं ऑइल टाकलं तर बरं ना? त्यांना काय सांगू?

---

बंदरावरचा · ४ मे, रात्री ९:३३

ऑइलचा डबा घरातून बाहेर ठेवा.

---

पेठेतला · ४ मे, रात्री ९:४१

वासापुरतं टाकू द्या हो त्यांना.